मेंदूतल्या मोठ्या अ‍ॅन्युरिझमसाठी कॉइल, स्टेंट की फ्लो डायव्हर्टर: साधनांची पारख

मेंदूच्या धमनीवरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, १० मिलिमीटरच्या पुढे गेला की त्याला मोठा म्हणतात आणि २५ गाठले की जायंट. इथे फक्त या दोन गटांसाठी कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रे पाहत धमनीतून उपचार करायच्या खोलीत, वापरली जाणारी साधनं पारखली आहेत. कॉइल म्हणजे फुग्यात भरायची बारीक तार, स्टेंट म्हणजे धमनीत बसवायची जाळीची नळी, आणि फ्लो डायव्हर्टर म्हणजे त्याहून दाट विणीची नळी. लहान फुग्यांचा हिशोब वेगळा असतो. पाच-सहा मिलिमीटरच्या फुग्यात सुरेख काम करणारं साधन वीस मिलिमीटरला वर्षभरात हात टेकतं. ‘ओळखीतल्या एकांना कॉइल घातली, ते ठणठणीत आहेत, मग आम्हालाच एवढं महागडं काय सांगताय’ हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न या फरकातूनच येतो.

मत आधीच सांगून टाकतो. फुगा मोठा आहे, फुटलेला नाही, आतल्या कॅरोटिड धमनीच्या (मानेतून मेंदूत जाणाऱ्या मुख्य धमनीच्या) बाजूला आला आहे आणि रुग्ण निदान सहा महिने रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकही दिवस न चुकवता घेऊ शकतो, असं असेल तर फ्लो डायव्हर्टर. यातली एक अट जरी मोडली तरी उत्तर बदलू शकतं, आणि खरी पारख तिथेच लागते.

मुळात हात लावायचा का?

न फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमवरच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे, आयसुइयाचे, २००३ साली आलेले आकडे अजूनही ओपीडीत सांगितले जातात. मेंदूच्या पुढच्या भागातल्या धमन्यांवर १३ ते २४ मिलिमीटरचा फुगा असेल तर पाच वर्षांत तो फुटण्याची शक्यता १४.५ टक्के, आणि २५ च्या पुढे ४० टक्के. मागच्या भागातल्या धमन्या आणि पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग धमनी (पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणारी) धरली तर हेच आकडे १८.४ आणि ५० टक्के होतात. कॅव्हर्नस सायनसमधून, म्हणजे डोळ्यामागच्या शिरांच्या पोकळीतून, जाणाऱ्या कॅरोटिडवर मात्र ते ३ आणि ६.४ टक्क्यांवर येतात. तिथला फुगा कवटीच्या तळाशी, मेंदूच्या आवरणाबाहेर असतो. फुटला तर बहुधा मेंदूभोवती रक्तस्राव न होता कॅरोटिड आणि सायनस यांच्यात थेट वाट तयार होते. डोळा लाल होतो, बाहेर येतो, कानात ठोक्यासारखा आवाज येतो. त्रासदायक खरं, पण जिवावर बेतणारं क्वचित. म्हणून वृद्ध रुग्णात काहीच लक्षण नसलेला कॅव्हर्नस फुगा नुसता पाहत राहणं हा पूर्णपणे शहाणा निर्णय असू शकतो. दुहेरी दिसायला लागलं, पापणी पडली, चेहऱ्याच्या एका बाजूला कळा यायला लागल्या की गणित फिरतं.

कॉइल

प्लॅटिनमच्या तारेची, विद्युतप्रवाहाने सुटणारी कॉइल गुलिएल्मी यांनी लॉस एंजेलिसमध्ये १९९० साली पहिल्या रुग्णात वापरली. १९९५ मध्ये एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध-साधन नियामकाची, मान्यता आली आणि कवटी न उघडता फुगा बंद करण्याचं युग सुरू झालं. लहान आणि अरुंद तोंडाच्या फुग्यासाठी कॉइल आजही उत्तम आहे. मोठ्या फुग्यात ती हरते ती साध्या घनफळामुळे.

कॉइल टिकायची असेल तर फुग्याच्या घनफळाचा निदान २० ते २५ टक्के भाग धातूने भरला पाहिजे, असा ढोबळ नियम आहे. १० मिलिमीटर व्यासाचा गोल फुगा सुमारे ५२४ घन मिलिमीटरचा. त्याचा पाव भाग १३१. नेहमीची ०.०१० इंच जाडीची, २० सेंटिमीटर लांबीची कॉइल जेमतेम १० घन मिलिमीटर जागा व्यापते, म्हणजे तेरा कॉइल लागतील. आता व्यास दुप्पट करा. २० मिलिमीटरचा फुगा ४,१९० घन मिलिमीटरचा होतो, व्यास दुप्पट झाला तरी घनफळ आठपट. पाव भाग भरायला याच कॉइल शंभरहून जास्त लागतील. इतक्या कोणी घालत नाही. वेळ, एक्स-रेचा मारा आणि बिल, तिन्ही हाताबाहेर जातात. ०.०२० इंच जाडीच्या आणि ६० सेंटिमीटर लांबीच्या जाड कॉइल मिळतात. त्यांची एक कॉइल सुमारे १२० घन मिलिमीटर भरते, म्हणजे नऊच्या आसपास पुरतात. त्या जाड असल्याने मायक्रोकॅथेटरही (कॉइल आत नेणारी बारीक नळी) जाड, ०.०२५ इंचाचा लागतो आणि वळणावळणाच्या धमनीत तो चढवणं जड जातं. शिवाय २५ टक्के भरलं तरी उरलेल्या ७५ टक्क्यांत रक्त आणि गुठळीच असते, हे ध्यानात ठेवायला हवं.

काम तीन टप्प्यांत होतं. आधी फुग्याच्या व्यासाइतकी त्रिमितीय कॉइल घालून कडेने चौकट बांधायची, मग आत मऊ कॉइल भरत जायचं, शेवटी तोंडाशी सगळ्यात लहान आणि मऊ कॉइल. रुंद तोंडाच्या फुग्यात पहिलीच कॉइल मूळ धमनीत लोंबायला लागते. ती परत ओढताना ताणली गेली तर तारेचा पीळ सुटतो, आणि अर्धी आत, अर्धी धमनीत अशी ती लांब धाग्यासारखी राहते. कॅथलॅबमध्ये सगळे गप्प होतात तो हा क्षण. जायंट फुग्यात आणखी एक अडचण असते. आत आधीच जुनी गुठळी जमलेली असते आणि कॉइल हळूहळू त्या गुठळीत रुतत जातात. अँजिओवर (धमन्यांच्या एक्स-रे चित्रावर) पहिल्या दिवशी फुगा ‘पूर्ण बंद’ दिसतो, सहा महिन्यांनी कॉइलचा गोळा आत ढकललेला आणि तोंड पुन्हा उघडं.

गुलिएल्मी यांच्या लॉस एंजेलिसच्या केंद्राने ११ वर्षांचा अनुभव २००३ मध्ये मांडला. लहान फुगा आणि लहान तोंड असेल तर पुन्हा उघडण्याचं प्रमाण ५.१ टक्के होतं. मोठ्या फुग्यांत ते ३५.३ आणि जायंटमध्ये ५९.१ टक्के. त्यानंतर कॉइल सुधारल्या आहेत, तरी घनफळाचं गणित बदललेलं नाही.

कॉइलला आधार देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, तोंडासमोर तात्पुरता फुगणारा बलून धरून कॉइल आत दाबायच्या. याने मूळ धमनी मोकळी राहते आणि मागे काही शिल्लक राहत नाही, त्यामुळे फुटलेल्या फुग्यात तो फार कामाचा. पण बलून फुगलेला असेपर्यंत पुढचा रक्तप्रवाह थांबतो, म्हणून तो काही मिनिटांनी खाली करावा लागतो. दुसरा, स्टेंट. न्यूरोफॉर्म, एंटरप्राइझ, एल्व्हिस ही परिचित नावं. स्टेंटच्या जाळीआड कॉइल अडकून राहतात आणि निकाल निव्वळ कॉइलपेक्षा सुधारतो. मोठ्या फुग्यात मात्र हे दोन्ही अर्धवट उपाय आहेत. चीनमधल्या पॅरॅट चाचणीत १० मिलिमीटरपेक्षा मोठ्या फुग्यांवर ट्यूब्रिज हा फ्लो डायव्हर्टर आणि एंटरप्राइझ स्टेंटसह कॉइल यांची थेट तुलना झाली. सहा महिन्यांनी फुगा पूर्ण बंद होण्याचं प्रमाण फ्लो डायव्हर्टरच्या गटात ७५.३४ टक्के होतं, स्टेंट-कॉइलच्या गटात २४.५३ टक्के. एवढा फरक सहसा दिसत नाही. पण त्याच चाचणीत स्ट्रोक आणि मृत्यू यांचे आकडेही फ्लो डायव्हर्टरच्या बाजूने कमी नव्हते, हे सांगताना बरेच जण विसरतात.

आणखी एक तोटा आकड्यात पकडता येत नाही. मोठा फुगा डोळ्याच्या नसेला किंवा डोळा हलवणाऱ्या नसांना दाबत असतो. त्यात कॉइल भरल्या की दाब तसाच राहतो, कधी वाढतो. नजर जात असलेल्या रुग्णाला फुगा बंद होऊनही फायदा न होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

‘वेब’ नावाची विणलेली टोपली सध्या गाजते आहे आणि रुग्ण तिच्याबद्दल विचारतात. दुभागणीवरच्या रुंद तोंडाच्या फुग्यासाठी ती छान आहे, पण एफडीएची मान्यता ३ ते १० मिलिमीटरपर्यंतच. आपल्या विषयात ती बसत नाही. फुग्यात ओतून घट्ट होणारं ओनिक्स एचडी-५०० हे द्रव्यही एकेकाळी मोठ्या फुग्यांसाठी वापरलं गेलं. आज त्याची शिफारस करावी असं काही उरलेलं नाही.

फ्लो डायव्हर्टर

यात फुग्याच्या आत शिरायचंच नाही. ज्या धमनीवर फुगा आला आहे तिच्या आत बारीक विणीची नळी बसवायची. जाळी एवढी दाट असते की फुग्यात जाणारा प्रवाह मंदावतो, आत रक्त साकळतं, काही महिन्यांत जाळीवर अस्तर चढून धमनीची भिंत नव्याने तयार होते. बाजूला फुटणाऱ्या लहान शाखांत मात्र पुढे रक्ताची ओढ असल्याने चाळणीतून पाणी जावं तसं जाळीतून रक्त जात राहतं. आतली गुठळी पुढे विरघळत जाते आणि फुगा आक्रसतो. नसांवरचा दाब कमी होतो तो यामुळे, आणि कॉइलच्या तुलनेत ही सगळ्यात मोठी जमेची बाजू.

पाइपलाइन हे यातलं सर्वात जास्त वापरलेलं साधन. ४८ तारांची वीण, तीन-चतुर्थांश तारा कोबाल्ट-क्रोमिअमच्या आणि बाकीच्या प्लॅटिनम-टंगस्टनच्या, त्यामुळे एक्स-रेवर दिसते. जाळी धमनीच्या पृष्ठभागाचा ३० ते ३५ टक्के भाग झाकते. एफडीएची मान्यता एप्रिल २०११ ची, तीही सुरुवातीला मोठ्या आणि जायंट, रुंद तोंडाच्या, कॅरोटिडवरच्या फुग्यांसाठीच. मान्यतेमागच्या पफ्स चाचणीत १०८ रुग्ण होते आणि फुग्यांचा सरासरी आकार १८.२ मिलिमीटर, म्हणजे कठीण माल. सहा महिन्यांनी ७३.६ टक्के फुगे पूर्ण बंद झाले होते. वर्षाने हा आकडा ८६.८, तीन वर्षांनी ९३.४, पाच वर्षांनी ९५.२ टक्के. कॉइलमध्ये काळ जाईल तसा निकाल बिघडतो, इथे सुधारतो. मोठा स्ट्रोक किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू ५.६ टक्के. त्या काळी एका रुग्णात सरासरी तीन नळ्या एकात एक घातल्या जात. आता बहुतेक वेळा एकीवर भागतं.

पहिल्या पिढीची पाइपलाइन एकदा सोडायला सुरुवात केली की परत आत घेता येत नसे आणि टोकाची पकड सुटता सुटत नसे. २०१५ च्या ‘फ्लेक्स’मध्ये हे दोन्ही दोष गेले. नळी जवळपास ९० टक्के उघडेपर्यंत पुन्हा कॅथेटरमध्ये ओढता येते. ‘शिल्ड’ या पुढच्या आवृत्तीत तारांवर फॉस्फोरिलकोलिनचा लेप आहे, रक्तातल्या पेशी कमी चिकटाव्यात म्हणून. अमेरिकेत त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. लेप आहे म्हणून दुसरी गोळी बंद करता येते असं कोणी सांगत असेल तर मोठ्या फुग्याच्या बाबतीत ते मानू नये.

सरपास हे स्ट्रायकर कंपनीचं साधन. त्याची पहिली ‘स्ट्रीमलाइन’ नळी जाड आणि ताठ डिलिव्हरी कॅथेटरसह येत असे. वळणदार धमनीत ती चढवताना हात दुखायचे. सेंट चाचणीत १८० रुग्णांत १२ महिन्यांनी यशाचं प्रमाण ६२.८ टक्के आणि गंभीर स्ट्रोक किंवा मृत्यू ८.३ टक्के. ‘इव्हॉल्व्ह’ ही पुढची ६४ तारांची आवृत्ती नेहमीच्या ०.०२७ इंचाच्या मायक्रोकॅथेटरमधून जाते आणि उघडण्यात बरीच सरस आहे. फ्रेड दुहेरी थराची, आत ४८ तारांची दाट वीण आणि बाहेर १६ तारांचा आधार. उघडायला सोपी, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यांच्या आवडीची. धमनीचा व्यास दोन टोकांना फार वेगळा असेल तर मात्र ती भिंतीला नीट टेकली का ते बारकाईने पाहावं लागतं. सिल्क हे युरोपातलं या प्रकारचं सुरुवातीचं साधन, ते आता ‘व्हिस्टा’ या नव्या रूपात येतं. पी-६४ आणि डेरिव्हो हीही युरोपातली. कॅरोटिडवरच्या साध्या मोठ्या फुग्यात या सगळ्यांत ब्रँडपेक्षा डॉक्टरच्या हाताला जे साधन सवयीचं आहे ते घ्यावं. महिन्यातून एकदा वापरलं जाणारं ‘नवीन मॉडेल’ रुग्णाच्या फायद्याचं नसतं.

बसवताना बिघडतं कुठे?

पहिली अडचण पलीकडे पोहोचण्याची. जायंट फुग्यात वायर सरळ पलीकडच्या धमनीत न जाता फुग्याच्या भिंतीला लागून आत गोल फिरते, मग बाहेरच्या तोंडातून निघते. पोहोचलो खरे, पण कॅथेटरचा मोठा वळसा फुग्यात पडलेला असतो. तो सरळ न करता नळी सोडली तर ती फुग्यात कोसळते. म्हणून पुढे बलून फुगवून किंवा स्टेंट-रिट्रीव्हर (परत काढता येणारी जाळी) उघडून पकड घ्यायची आणि कॅथेटर हळूहळू मागे ओढत वळसा काढायचा. या ओढाताणीसाठी खालचा आधार भक्कम लागतो. ६ फ्रेंचचं (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) लांब शीथ, म्हणजे बाहेरची नळी, त्यातून ५ किंवा ६ फ्रेंचचा मधला कॅथेटर शक्य तितका वर, आणि त्यातून ०.०२७ चा मायक्रोकॅथेटर, अशी तिहेरी रचना. मांडीतून किंवा मनगटातून, दोन्हीकडून होतं.

दुसरी अडचण मापाची. नळीचा व्यास धमनीच्या खालच्या, जाड टोकाच्या मापाने घेतात आणि फुग्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर निरोगी धमनीत टेकण्याइतकी लांबी ठेवतात. फार मोठी नळी घेतली तर ती पूर्ण उघडत नाही, लांब राहते आणि तोंडासमोरची वीण विरळ होते. ज्यासाठी एवढा खर्च केला तेच नाहीसं. फार लहान घेतली तर भिंत आणि नळी यांच्यात फट राहून रक्त बाजूने फुग्यात शिरत राहतं. वीण असल्यामुळे नळी उघडताना आखूड होते, आणि ती किती आखूड होईल हे धमनीच्या व्यासावर ठरतं. नुसत्या डब्यावरच्या लांबीवर विसंबून चालत नाही. वळणावर नळी चपटी राहिली किंवा पीळ पडला तर आत बलून फुगवून उघडावी लागते. शेवटी कॅथलॅबमध्येच कोन-बीम सीटी (अँजिओच्या यंत्रावरच होणारा सीटी) करून नळी भिंतीला टेकली आहे का ते पाहणारं केंद्र निवडावं. साधी अँजिओ ही फट बऱ्याचदा दाखवत नाही.

तिसरी अडचण रचनेची, आणि ती आधीच ओळखता येते. फुग्यातूनच मोठी शाखा निघत असेल तर शाखेची ओढ फुगा उघडा ठेवते. पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग धमनी ‘फीटल’ प्रकारची असेल, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाचं बहुतेक रक्त तिच्यातूनच जात असेल, तर फ्लो डायव्हर्टर वर्षानुवर्षं निष्प्रभ राहू शकतो. डोळ्याच्या धमनीचंही कमी प्रमाणात तसंच.

मोठ्या फुग्यात सगळ्यात भीतीची गोष्ट म्हणजे नळी नीट बसल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी फुगा फुटणं. आत अचानक साचलेल्या ताज्या गुठळीतून निघणारी विकरं आधीच पातळ झालेली भिंत खातात, असा समज आहे. हे दुर्मीळ आहे. २०१५ मध्ये आलेल्या, पाइपलाइन बसवलेल्या रुग्णांच्या इंट्रेपेड नोंदणीत ७९३ रुग्णांत ते ०.६ टक्के होतं, पण फुटलेले फुगे मोठे आणि जायंट गटातलेच होते. म्हणून बरेच जण मोठ्या फुग्यात नळीबरोबर थोड्या सैल कॉइलही घालतात, पॅकिंगसाठी नव्हे, गुठळी लवकर आणि घट्ट बसावी म्हणून. डोळ्यांच्या नसांवर आधीच दाब असेल तर कॉइल कमीत कमी ठेवायच्या. सोबत काही दिवस डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात, कारण गुठळी होताना फुग्याभोवती सूज येते, डोकं दुखतं आणि नजर तात्पुरती आणखी खराब होऊ शकते. रुग्णाला हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी घरात धावपळ उडते. पण अचानक आलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी असेल, उलटी किंवा अर्धवट शुद्ध असेल, तर सूज समजून घरी थांबू नये.

गोळ्या: अर्धा उपचार

रक्तात उघडी राहिलेली जाळी म्हणजे गुठळीला आमंत्रण. अ‍ॅस्पिरिन आणि ७५ मिलिग्रॅम क्लोपिडोग्रेल प्रक्रियेच्या पाच ते सात दिवस आधी सुरू करतात. नंतर दोन्ही निदान सहा महिने, त्यापुढे अ‍ॅस्पिरिन दीर्घकाळ. प्रक्रियेच्या वेळी रक्त गोठू न देणारं हेपॅरिन देऊन एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, २५० सेकंदांच्या वर ठेवतात.

क्लोपिडोग्रेल शरीरात जाऊन बदलल्यावरच काम करतं आणि तो बदल करणारं सीवायपी-२सी-१९ हे विकर अनेक भारतीयांत जन्मतःच मंद असतं. गोळी वेळेवर घेतली तरी परिणाम शून्य, असं होऊ शकतं. म्हणून गोळी लागू पडते का हे पाहणारी व्हेरिफायनाउसारखी रक्ततपासणी प्रक्रियेआधी करावी. बरीच केंद्रं ६० ते २०० च्या मधला पीआरयू, म्हणजे या तपासणीतला आकडा, स्वीकारतात. वर असेल तर गुठळीचा धोका, फार खाली असेल तर रक्तस्रावाचा. गोळी लागू पडत नसेल तर टिकाग्रेलोर ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा प्रासुग्रेल. आधी स्ट्रोक किंवा तात्पुरता झटका येऊन गेला असेल तर प्रासुग्रेल नको. टिकाग्रेलोरने काहींना धाप लागल्यासारखं वाटतं. घाबरून ती परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी.

घरच्या पातळीवर घोळ होतात ते असे. ‘पित्ताची गोळी’ म्हणून ओमेप्राझोल चालू असते, ती क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटवते, त्याऐवजी पॅन्टोप्राझोल लिहून घ्यावी. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणते आणि पोटात रक्तस्रावाचा धोका वाढवते. दाढ काढायची म्हणून दंतवैद्य ‘पाच दिवस रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा’ म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी नळी बंद पडून पक्षाघात होतो. पहिल्या सहा महिन्यांत टाळता येईल अशी प्रत्येक शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, आणि गोळ्यांना हात लावण्याआधी नळी बसवणाऱ्या टीमला फोन करावा.

हे सगळं पाळणं ज्यांना जमणार नाही त्यांना फ्लो डायव्हर्टर बसवू नये. पोटात अल्सरचा जुना रक्तस्राव, लवकरच ठरलेली कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधं आणून देणारं घरी कोणी नाही, ही सारी खरी कारणं आहेत. त्यांच्यासाठी कॉइल, आणि दोन वर्षांनी पुन्हा कॉइल, हेही चालेल.

फुगा आधीच फुटलेला असेल तर चित्र आणखी वेगळं. त्या अवस्थेत दोन गोळ्या म्हणजे नवा रक्तस्राव, शिवाय मेंदूतलं पाणी काढायची नळी घालावी लागली तर तीही धोक्याची. अशा वेळी जिथून फुगा फुटला तो घुमटाचा भाग बलूनच्या मदतीने कॉइलने झाकून घ्यायचा, तोंड उघडं राहिलं तरी चालेल. रुग्ण सावरल्यावर काही आठवड्यांनी फ्लो डायव्हर्टर. एकाच बैठकीत सगळं उरकायचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

धमनीच बंद करणं

सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त मार्ग. मॉस्कोच्या सर्बिनेन्को यांनी सुटणाऱ्या बलूनने धमनी बंद करण्याची पद्धत १९७४ मध्ये जगासमोर मांडली. आज हेच काम कॉइलने होतं. फुग्यासकट मूळ कॅरोटिड बंद, फुग्याला रक्तच नाही, त्यामुळे तो आक्रसतो आणि डोळ्यांच्या नसाही मोकळ्या होतात. दोन गोळ्यांची सहा महिन्यांची कसरत नाही.

अट एकच. दुसऱ्या बाजूच्या धमन्यांनी मेंदूचा तो अर्धा भाग पोसता आला पाहिजे. त्यासाठी बलून टेस्ट ऑक्लुजन करतात. रुग्ण जागा ठेवून, हेपॅरिन देऊन, कॅरोटिडमध्ये बलून २० ते ३० मिनिटं फुगवून ठेवायचा आणि बोलणं, हात-पाय, नजर पुन्हा पुन्हा तपासायची. औषधाने रक्तदाब खाली आणून तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. दुसऱ्या बाजूने अँजिओ करून दोन्ही अर्ध्या भागांतल्या शिरा किती अंतराने भरतात ते पाहायचं, दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर बंद करू नये. सगळ्यात पास झालेल्या थोड्या रुग्णांनाही नंतर स्ट्रोक येतो, आणि उरलेल्या धमनीवर ताण वाढल्याने वर्षांनंतर तिकडे नवा फुगा येऊ शकतो. तरुण रुग्णात म्हणून हात आखडता घ्यावा. चाचणीत नापास झाला आणि फ्लो डायव्हर्टरही शक्य नाही, तर आधी शस्त्रक्रियेने बायपास, मग धमनी बंद. कॅव्हर्नस भागातल्या जायंट फुग्यात, पैशाची अडचण असलेल्या साठीतल्या रुग्णासाठी, ही चाचणी न करताच फ्लो डायव्हर्टर सुचवला जात असेल तर कारण विचारावं.

मागच्या धमन्यांवर

व्हर्टिब्रल आणि बॅसिलर धमन्यांवरच्या, विशेषतः लांबट सुजलेल्या जायंट फुग्यांत कोणतंच साधन चांगलं नाही. बॅसिलरमधून मेंदूच्या देठाला जाणाऱ्या केसासारख्या शाखा जाळीखाली येतात. अमेरिकेतल्या बफलो केंद्राने २०१२ मध्ये अशा ७ रुग्णांचे निकाल छापले, त्यातले ४ दगावले होते. इंट्रेपेड नोंदणीतही मागच्या धमन्यांवर गंभीर गुंतागुंत १६.४ टक्के, एकूण सरासरी ८.४ असताना. लक्षणं नसतील तर थांबणं, असतील तर अशा केसेस वारंवार करणाऱ्या मोजक्या केंद्रांपैकी एकाकडे जाणं, एवढंच सांगता येतं. मिडल सेरेब्रल धमनीच्या दुभागणीवरच्या जायंट फुग्यातही शाखा फुग्यातूनच निघतात, तिथे कवटी उघडून क्लिप लावणाऱ्या किंवा बायपास करणाऱ्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय कॅथलॅबमध्ये जाऊ नये.

खर्च आणि नंतरची तपासणी

आयात केलेल्या फ्लो डायव्हर्टरची किंमत ७ ते ८ लाख रुपये असल्याचं सरकारी पत्रकात म्हटलं होतं. ते पत्रक होतं तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या नायटिनॉल या मिश्रधातूपासून बनवलेल्या देशी फ्लो डायव्हर्टरबद्दल. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या बायोरॅड मेडिसिसकडे गेलं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रक्रिया बसते का, आणि बसली तर साधनाची किंमत धरून की वगळून, हे रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावं. तोंडी ‘होऊन जाईल’वर भरती होऊ नये. कोटेशनमध्ये साधनाचं मॉडेल, जादा नळी किंवा कॉइल लागल्यास तिचा दर, आणि न वापरता उघडलेल्या नळीचं बिल कोणी भरायचं हे तीन मुद्दे हवेत. मापात चुकलेली नळी बाहेर काढून दुसरी घालणं हे दुर्मीळ नाही.

सहा महिन्यांनी डीएसए (कॅथेटरने केलेली अँजिओ), मग वर्षाने पुन्हा. फ्लो डायव्हर्टरचा निकाल ओकेली-मारोटा श्रेणीत ए ते डी असा लिहितात, डी म्हणजे पूर्ण बंद. कॉइलचा रेमंड-रॉय श्रेणीत १ ते ३, त्यात १ उत्तम. सहा महिन्यांच्या अँजिओत नळीच्या आत थोडं अस्तर जाड दिसलं तर बहुधा ते पुढे आपोआप कमी होतं. साध्या, काँट्रास्टशिवायच्या एमआर अँजिओत धातूमुळे नळीतली धमनी खोटीच अरुंद दिसते. तो रिपोर्ट वाचून घाबरण्याआधी काँट्रास्टसह करून घ्यावी. निकेलची अ‍ॅलर्जी असेल, म्हणजे नकली दागिन्याने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने पुरळ उठत असेल, तर नळी निवडतानाच सांगावं. साधनाच्या डब्यावरचं मॉडेल, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावं. पुढे कुठेही एमआरआय करताना तंत्रज्ञ पहिला तेच मागतो.